मालनला विचारून

ईट गावात पिराजी बोलायला उभा राहिला की माणसं आधीच हसायला लागायची. त्याचं स्वतःचं तोंड मात्र गंभीर. उंच, वाळका माणूस, गालफडं बसलेली, डोक्यावर पांढरी टोपी. दोन्ही हात पाठीमागं बांधून तो उभा राहायचा, कोर्टात साक्ष द्यायला आल्यासारखा, आणि हळू आवाजात चार वाक्यं बोलायचा. पाचव्या वाक्याला मंडप हलायचा.

हे त्याच्यात बापाकडून आलं होतं. बाप कोंडीराम तमाशाच्या फडात सोंगाड्या होता. चार तालुक्यांत त्याचं नाव होतं. पण तो बोलायला लागला की बायका डोक्यावरचा पदर ओढून उठून जायच्या, आणि ओसरीवर बसलेली मोठी माणसं मांड्या थोपटून हसायची. छप्पन सालानंतर वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. कोंडीरामानं सोंगाचा डगला आणि घुंगरू गाठोड्यात बांधून विहिरीत सोडले. पोराला जवळ बसवून म्हणाला, "हसवायचं सोडू नगंस. त्यात वंगाळ काय न्हाय. पन तुजी आई आन् तुजी भन म्होरं बसलीय आसं समजून बोलत जा."

पिराजीनं ते जन्मभर पाळलं. त्याच्या तोंडून वाकडा शब्द कधी कुणी ऐकला नाही. पण नुसता चावटपणा टाळला म्हणजे झालं असं नाही, हे त्याला शिकवलं ते बायकोनं. मालन लग्न करून आली तेव्हा सोळा वर्षांची होती. सकाळी ती चुलीपुढं भाकरी थापायची, तो शेजारी बसून नवीन काही सुचलेलं सांगायचा. ती हसायची. हसता हसता तिचा हात थांबायचा, तव्यावरची भाकरी करपायची. पण हसून झालं की विचारायची, "हे कुटं सांगनार हाव?"

"शेतकी सोसायटीच्या चेअरमनच्या घरी. पोराचं बारसं हाय."

"मग ह्यातली सासू काढा. चेअरमनच्या आईला ल्योक इचारत न्हाय. म्हातारी कोपऱ्यात बसलेली आसती. तिला वाटंल तिच्यावरच बोलले."

पिराजी सासू काढून तिथं शेजारीण घालायचा. मंडप तेवढाच हसायचा, आणि कोपऱ्यातली म्हातारीसुद्धा हसायची.

त्यांना एकच मुलगी. गौतमी. गावातले लोक तिला गवतमी म्हणायचे, आणि वस्तीतली म्हातारी माणसं नुसतं गवती. बापाची गोष्ट संपायच्या आधीच ही पोरगी हसून मोकळी व्हायची. पिराजी म्हणायचा, "अगं, अजून आलं न्हाय हसायचं." तर ती पोटाला हात लावून सांगायची, "मला म्होरचं ठावं हाय." ठाऊक काहीच नसायचं. तिला बाप गोष्ट सांगतोय एवढ्याचंच हसू यायचं.

बहात्तर साली पाऊस आला नाही. त्याच्या आधीच्या सालीही बेताचाच होता. जनावरं गेली, विहिरींचे तळ दिसले, आणि गावाबाहेर पाझर तलावाचं सरकारी काम निघालं. सगळ्या आळीची माणसं तिथं एका रांगेत बसून खडी फोडू लागली. एरवी एकमेकांच्या दारात न जाणारी. पिराजी आणि मालन पहिल्या दिवसापासून कामावर होते. मुकादम होता शिवलिंग नावाचा, गळ्यात लिंगाची डबी, स्वभावानं तापट. पण त्याच्याही लक्षात आलं की पिराजी बसतो त्या बाजूची खडी लवकर फुटते. माणसं हसत असली की हात चालायचे. त्यानं पिराजीला रांगेच्या मध्ये बसवलं, म्हणजे दोन्हीकडं ऐकू जाईल.

गौतमी तेव्हा आठ वर्षांची, दुसरीत. शाळा सकाळची. दुपारी ती कामावर यायची, पोरांना वाटायची ती सुकडी घ्यायची आणि बापाशेजारच्या खडीच्या ढिगाऱ्यावर बसायची. एके दिवशी गुरुजींनी वर्गात तहानलेल्या कावळ्याची गोष्ट सांगितली. मडक्यात खडे टाकून पाणी वर आणणारा तो कावळा. पोरगी येऊन बसली ती विचारातच.

"आबा, त्या कावळ्याच्या मडक्यात तळाला तरी पानी व्हतं. आपल्या गावच्या मडक्यात तळालाबी न्हाय. आपल्या गावचा कावळा काय करील?"

पिराजी हातोडी थांबवून म्हणाला, "त्यो हितं येईल. खडं बघून म्हनंल, आरं वा! खडं तर लई हायेत. मडकं कुटाय?"

"मग?"

"मग शिवलिंग मुकादम म्हनंल, मडकं मंजूर झालंय, अजून आलं न्हाय. तवर बस हितं आन् खडी फोड."

पोरगी ढिगाऱ्यावरून घसरून खाली आली, एवढी हसली. मग स्वतःच म्हणाली, "आन् त्याला हातोडी पेलंल का?"

"चोचीत धरंल."

"मग बोलंल कसा?"

"म्हनून तर मुकादमाला आवडंल. बोलतच न्हाय, निस्ती खडी फोडतोय."

त्या दिवसापासून तो कावळा दोघांचा झाला. रोज दुपारी त्यात भर पडायची. कावळ्याचं नाव हजेरीवर कसं लिहायचं, त्याच्या आडनावाचं काय करायचं, कावळीण बाळंत झाली तर सुट्टी मिळेल का. मालन शेजारी खडी फोडत ऐकायची आणि हसत राहायची. पण पिराजीनं तो कावळा दुसऱ्या कुणाला सांगितला नाही. ती गोष्ट पोरीची होती.

वैशाखात पोरीला उलट्या आणि हगवण लागली. पाणीच तसलं होतं, ओढ्यात खड्डा खणून झिरपलेलं, लोक फडक्यातून गाळून प्यायचे. गावात त्या आठवड्यात चारपाच पोरं पडली, त्यातली बाकीची उठली. गौतमीला घेऊन दोघं बैलगाडीनं भूमच्या दवाखान्याकडं निघाली. उन्हाचा भडका. मालननं तिच्यावर ओला पदर धरला होता, तो दर थोड्या वेळानं वाळायचा. निम्म्या वाटेत पोरगी म्हणाली, "आबा, कावळ्याचं सांगा." पिराजीनं सुरुवात केली. खडे बघून कावळा काय म्हणाला इथपर्यंत आला, आणि मालन म्हणाली, "थांबा." तिनं पोरीच्या नाकापाशी बोटं धरली होती.

गाडी तिथंच वळवली.

पाचव्या दिवशी पोरीच्या नावानं पुण्यानुमोदनाचा विधी झाला, आणि सहाव्या दिवशी दोघं पुन्हा खडीवर जाऊन बसली. दुसरा इलाजच नव्हता. कामावर गेलं तरच पोटाला. ती दोघं आली की माणसं बोलायची थांबायची. कुणी पोरांची नावं घेईना, कुणी मोठ्यानं खोकेना. पिराजी मान खाली घालून फोडत राहायचा. मोठे दगड संपले की फुटलेले पुन्हा फोडायचा, त्यांची वाळू होईपर्यंत. शिवलिंग बघायचा, पण बोलायचा नाही.

बाराव्या दिवशी दुपारच्या सुट्टीला सगळे बाभळीखाली बसले होते. मालन घागर घेऊन टँकरचं पाणी आणायला गेली होती. मथुराबाई म्हणून एक म्हातारी कामावर होती, तिचे दोन लेक आधीच्या सालात देशोधडीला लागलेले. ती एकदम म्हणाली, "पिराजी, कायतरी बोल रं बाबा. निस्ता हातोड्यांचा आवाज ऐकून माजं डोस्कं फुटायची येळ आलीय. तुझं दुःख ठावं हाय मला. पन बोल."

पिराजीनं वर पाहिलं. तीसचाळीस माणसं त्याच्याकडं बघत होती, ओठ फाटलेली, डोळ्यांत धूळ. त्याला वाटलं, दुसरं काही आपल्याला येणार नाही. एकच येईल. तो उभासुद्धा राहिला नाही. बसल्या जागीच त्यानं कावळा सांगितला, पोरीनं घातलेल्या सगळ्या भरीसकट. कावळा चोचीत हातोडी धरून बसला इथं मथुराबाई हसली. मग सगळेच हसले. शिवलिंग मुकादम तर डोळे पुसायला लागला. पिराजीला त्या हसण्यात थोडा वेळ असं वाटलं की पोरगी ढिगाऱ्यावर बसलेली आहे आणि आपल्याला मागं वळून बघायचं तेवढं नाही.

थोड्या वेळानं मालन आली. घागर खाली ठेवली, सगळ्यांना पाणी दिलं, आपल्या जागेवर जाऊन बसली. तिला ऐकू गेलं नसणार, असं पिराजी धरून चालला.

त्यानंतर मालन हसली नाही.

सुरुवातीला ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. पोरीचं दुःख ताजं होतं, कोण हसणार? त्र्याहत्तरला पाऊस झाला, ज्वारी आली, चुलीपुढच्या गोष्टी पुन्हा सुरू झाल्या. तो सांगायचा, ती ऐकायची. भाकरी आता करपत नव्हती. ऐकून झालं की म्हणायची, "बरं हाय. कुटं सांगनार हाव?" घरात दुसरं मूल झालं नाही. वर्ष गेलं, दोन गेली, आणि एके दिवशी पिराजीला एकदम कळलं की हिचं हसू आपण किती दिवसांत ऐकलेलं नाही.

त्यानं मनाशी धरलं की आपलाच कसूर आहे. हिला हसू येईल असं आपल्याला अजून सापडलेलं नाही. मग तो शोधायला लागला. बार्शीच्या बाजारात गेला की पानाच्या दुकानापाशी तासभर उभा राहायचा, लोक काय बोलून हसतात ते ऐकत. एसटीत कंडक्टरच्या मागं बसायचा. चावट असलेलं धुऊन काढून, त्याला नवं अंग देऊन, सकाळी चुलीपुढं आणायचा. मालन नीट ऐकायची आणि म्हणायची, "बरं हाय."

सत्त्याहत्तरच्या सुमाराला गावात दुधाची सोसायटी निघाली. आबाराव चेअरमन झाले, मोठ्या घरचे, तरुण, उत्साही. त्यांनी पिराजीला संकलनावर घेतलं. सकाळ-संध्याकाळ दूध मापायचं, काचेची नळी बुडवून पाणी आहे का बघायचं. सोसायटी म्हटली की सभा आल्या, सभा आल्या की पाहुणे आले, आणि पाहुणे नेहमी उशिरा यायचे. तोवर लोकांना धरून कोण ठेवणार? आबाराव माईकवर म्हणायचे, "आता आपले पिराजीराव दोन शब्द सांगतील." माईकवरून उतरलं की 'राव' गळून पुन्हा नुसता पिराजी. त्याची कीर्ती वाढली. लग्नं, बारशी, गुरुजींचे निरोपसमारंभ, भीमजयंती, दिंडीचं जेवण, कुठं कुठं बोलावणं यायचं. जेवायला कुठं बसवायचं हे मात्र त्या त्या घरावर असायचं. पिराजी त्यावरही विनोद करू शकला असता. मालन म्हणाली होती, "त्याच्यावर करू नगा. हसतील आन् इसरतील."

एकदा शेजारच्या गावात मोठ्या घरचं लग्न होतं. पिराजीनं तयारी केली होती. मास्तरांचं लग्न असतं. मंगलाष्टकं होतात, अंतरपाट सरकतो, समोर नवरी उभी. मास्तर सवयीनं विचारतात, "उशीर का झाला?"

शेजारची सून शेणकूट घ्यायला आली होती ती दारातच हसून वाकली. मालननं भाकरी उलटली.

"नवरी कितीची हाय?"

"सव्वीस-सत्तावीस असंल. बाप लवकर गेला, म्हनून ऱ्हायलं लग्न."

"मग 'उशीर' हा शबुद त्या मांडवात काढू नगा."

इतक्या साध्या शब्दाला काटा असेल हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्या लग्नात त्यानं मास्तर घेतलेच नाहीत, वाजंत्र्यांचं काहीतरी सांगितलं.

दुसऱ्यांदा सोसायटीची वार्षिक सभा. त्याच्याकडं एक चांगला होता. दुष्काळात साहेब गावात येऊन विचारतो, पाणी कुठं कुठं शिल्लक आहे? तर दूध मापणारा म्हणतो, साहेब, विहिरी आटल्या, ओढा आटला, फक्त म्हशी आटल्या नाहीत. मालन म्हणाली, "सारजाबाईचं दूध मागल्या हप्त्यात पानी निघालं म्हनून परत केलं ना तुमी? समद्यांनी बघितलं ते. समदी मान वळवून तिच्याकडं बघतील." पिराजीला ते खरंच आठवलं नव्हतं, आणि दूध तर त्यानंच परत केलं होतं.

मालन स्वतः सभांना यायची. बायकांच्या बाजूला, मंडपाच्या खांबाला टेकून बसायची. ती पिराजीकडं बघायचीच नाही. लोकांकडं बघायची. घरी येताना वाटेत सांगायची, "तिसऱ्या वळीतली हिरव्या लुगड्याची हसली न्हाय. कुनाची हाय ती इचारा." पिराजी चौकशी करायचा आणि काहीतरी निघायचंच. नवऱ्यानं टाकलेली, नाहीतर हातातोंडाशी आलेला लेक गेलेला. पुढच्या वेळी तो तेवढं सांभाळून घ्यायचा. दूरवरची माणसं म्हणायची, पिराजीच्या बोलण्यानं कुणाचं मन दुखलेलं आम्ही ऐकलं नाही. पिराजीला ते ऐकून बरं वाटायचं, आणि लगेच वाटायचं, ज्या माणसामुळं हे आहे तेवढंच एक आपल्याला हसवता येत नाही.

कधीतरी त्याच्या मनात दुसरंही यायचं. बाभळीखाली आपण बोललो ते हिनं ऐकलं असेल. बाराव्या दिवशी बाप लोकांना हसवत बसला, हे हिच्या काळजात रुतलं असेल. म्हणून ही हसत नाही, आणि चांगली म्हणून बोलतही नाही. पण विचारायची त्याची छाती झाली नाही. विचारलं आणि ती "व्हय" म्हणाली, तर? तेरा वर्षं त्यानं विचारलं नाही.

शहाऐंशी सालच्या थंडीत मालनच्या पोटात गाठ निघाली. धाराशिवच्या दवाखान्यात ठेवलं. मोठ्या डॉक्टरांनी पिराजीला बाहेर बोलावून सांगितलं की फार उशीर झालाय, आता दुखणं कमी ठेवायचं एवढंच. पिराजी आत आला आणि म्हणाला, "आठ दिसात सोडत्यात म्हनं." मालननं त्याच्याकडं पाहिलं. "तुमाला खोटं नीट सांगता येत न्हाय," ती म्हणाली. "गोष्ट तेवढी येती."

शेजारच्या खाटेवर दगडाबाई म्हणून तेर गावाकडची एक बाई होती. मांडीचं हाड मोडलेलं. तिच्याकडं कुणी फिरकत नव्हतं. दिवसभर भिंतीकडं तोंड करून हळू आवाजात रडायची.

एका दुपारी वॉर्डात ऊन आलं होतं. पिराजी मालनला पेज पाजत होता. दोन चमचे घेऊन तिनं हात आडवा केला. मग म्हणाली, "एक सांगायचं ऱ्हायलंय. बाभळीखाली तुमी कावळ्याचं सांगितलं, तवा म्या तितंच व्हते."

पिराजीनं चमचा वाटीत ठेवला.

"टँकर आला न्हवता. म्हनून लवकर माघारी आले. खडीच्या ढिगामागं उभी ऱ्हायले, डोक्यावर रिकामी घागर. समदं ऐकलं."

"मालन," पिराजी म्हणाला. मग कसंबसं म्हणाला, "मला ठावं व्हतं तू रागावली आसशील. इतकी वरसं ठावं व्हतं. पन दुसरं कायच येत न्हवतं गं तोंडात. तिचंच तेवढं येत व्हतं."

"राग?" मालन म्हणाली. "तुमच्यावर कशाचा राग?"

तिनं थोडा दम घेतला.

"आवं, म्या हसले."

पिराजीनं वाटी दोन्ही हातांत धरली.

"कावळ्यानं चोचीत हातुडी धरली, तितं हसले. तोंडाला पदर लावला तरी थांबंना. घागर पडली डोक्यावरनं. तुमच्या समद्यांच्या हसन्यात कुनाला आवाज आला न्हाय. पोरीचा आवाज आल्यावानी झालं बगा मला, तिचं बोलनंच व्हतं ते. पोट धरून हसले म्या. आन् मग ध्यानात आलं, बारा दिस झालेत. पोटची पोर जाऊन बारा दिस, आन् ही आई हसतीय." ती खिडकीकडं बघत बोलत होती. "मग ओढ्यावर गेले, झिऱ्यातनं घागर भरून घेतली, आन् आले. तवाच ठरिवलं, आता बास. आपल्या वाटनीचं हसून झालं."

"म्या रोज सकाळी..." पिराजी म्हणाला. "चुलीपुढं. तेरा वरसं..."

"लई चांगली आसायची तुमची. काही टायमाला तर लई जड जायचं. भाकरीकडं बघत बसायचे म्या. दात दाबून धरायचे."

"मग हसायचं व्हतंस की. त्यात पाप कसलं? ती बी हसलीच आसती."

"पाप म्हनत न्हाय म्या. पन तुमीच सांगा, बाराव्या दिशी आईनं हसावं व्हय?"

ह्याला काय म्हणायचं ते पिराजीला सापडलं नाही. आयुष्यभर त्याला कुणासमोर काय बोलायचं हे शोधून सापडत आलं होतं. तो वाटी हातात धरून बसला. पेज गार झाली. पलीकडं दगडाबाईचं रडणं चालूच होतं.

मालनच बोलली. "तिला कायतरी सांगा. परवापास्नं रडतीय."

"मालन, आत्ता न्हाय."

"आत्ताच सांगा. आन् लेकाचं, सुनंचं, नवऱ्याचं कायच नगं त्यात. तिच्याकडं कोनच येत न्हाय. पडन्या-झडन्याचं बी नगं."

पिराजी डोळे पुसून उठला. दगडाबाईच्या खाटेपाशी जाऊन दोन्ही हात पाठीमागं बांधून उभा राहिला. "मावशी," म्हणाला, "आमच्या गावची एक म्हातारी हितं आली व्हती. डॉक्टर म्हनले, छातीचा फोटो काडायचाय. म्हातारीनं कधी जल्मात फोटो काडला न्हवता. गावाकडं निरोप धाडला, शेजारनीची नथ मागवली, नवं लुगडं मागवलं, केसाला तेल लावलं. काडला फोटो. दुसऱ्या दिशी डॉक्टरनी काळी फिलम उजेडाला धरून दाखवली. म्हातारीनं वरनं खालनं बघितलं आन् बोंबललीच. म्हनली, 'साहेब, बरगड्या समद्या हायेत, पन नथ कुटं गेली? आता शेजारनीला म्या काय सांगू?'"

दगडाबाई आधी तशीच राहिली. मग तिची पाठ हलायला लागली. ती या कुशीवर वळली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. "नथ कुटं गेली," ती स्वतःशीच म्हणाली आणि पुन्हा हसली. पलीकडच्या दोन खाटांवरच्या बायकाही हसल्या. सिस्टर दारात थांबली.

पिराजीनं मागं वळून पाहिलं. मालननं पदर तोंडावरून ओढून घेतला होता, डोळ्यांपर्यंत. पदराखाली तिचे खांदे हलत होते. हसत होती की दुखत होतं की रडत होती, ते त्याला कळलं नाही. तो जवळ गेला, पण पदर बाजूला करायला त्याचा हात धजला नाही. तो तसाच तिच्या पायाशी बसून राहिला, सिस्टरनं बाहेर जायला सांगेपर्यंत.

चौथ्या दिवशी सकाळी मालन गेली. शेवटचे दोन दिवस तिला बोलता येत नव्हतं.

तीन महिन्यांनी भूमला दुधाच्या शीतकरण केंद्राचं उद्घाटन होतं. आबाराव स्वतः पिराजीच्या घरी आले, उंबऱ्याच्या आत येऊन बसले. म्हणाले, "पिराजी, तुमचं दुःख मला कळतंय. पण पाहुणे तास-दोन तास उशिरा येणार. माणूस धरून ठेवायला तुमच्याशिवाय कोण आहे?"

"कोन कोन येनार हाय?" पिराजीनं विचारलं.

"सगळेच की. सगळा तालुका लोटणार."

आबाराव गेल्यावर पिराजी गार चुलीपुढं बसला. सगळे म्हणजे कोण? आता ते कोण सांगणार? त्यानं एकेक काढून बघितलं. हा सांगावा तर त्यात विहीर आहे, आणि माकणीहून येणाऱ्या एका घरातलं कुणीतरी विहिरीत गेलेलं. तो सांगावा तर त्यात बहीण-भाऊ आहेत. पाहुण्याचा, कंडक्टरचा, जावयाचा, नथीचा. प्रत्येकात त्याला कुणीतरी बसलेलं दिसायचं, तिसऱ्या ओळीत, हिरव्या लुगड्याचं, न हसणारं. चार दिवस त्यानं हेच केलं. त्याच्याजवळ असलेले सगळे विनोद संपले, आणि एकही उरला नाही.

तरी तो गेला. बोलावल्यावर न जाणं त्याला येत नव्हतं. मंडप भरलेला होता, दूध संघाची माणसं, पुढारी, डोक्याला टापशी बांधलेले शेतकरी, एका अंगाला बायका. आबाराव माईकवर म्हणाले, "पाहुणे वाटेत आहेत. तोवर आपले पिराजीराव."

पिराजी वर जाऊन उभा राहिला. दोन्ही हात पाठीमागं. बायकांच्या बाजूला खांब होता, खांबापाशी कुणीतरी तरणी बाई मांडीवर मूल घेऊन बसलेली.

तो म्हणाला, "आज माझ्याकडं काय न्हाय."

मंडप हसला.

पिराजी थांबला. हसू ओसरल्यावर त्यानं पुन्हा सांगितलं, "खरंच न्हाय. लई हुडकलं म्या. एक बी उरला न्हाय."

लोक आणखी हसले. पुढच्या रांगेतला एकजण शेजाऱ्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "तोंड बघ, तोंड बघ त्याचं!" पिराजीनं हात जोडले. तेव्हा टाळ्या पडल्या. आबारावही हसत होते. बायकांच्या बाजूला पदर तोंडाला लावून बायका हसत होत्या, मांडीवरचं ते मूलसुद्धा आईकडं बघून हसत होतं. पिराजी हात जोडून उभाच राहिला. कुणाचं मन दुखलेलं नव्हतं, सगळे हसत होते.

पाहुणे येण्याआधीच तो खाली उतरला. दुधाचा टेम्पो रिकामे कॅन घेऊन ईटकडं निघाला होता, त्याच्या हौद्यात चढून बसला. ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढून म्हटलं, "काय हसिवलं राव आज, पिराजीदादा! पोट दुखायला लागलं."

"व्हय," पिराजी म्हणाला.

टेम्पो सुटला. रस्ता खड्ड्यांचा होता. पत्र्याचे कॅन एकमेकांवर आदळून असा काही आवाज करत होते की त्यात पिराजीला मोठ्यानं रडता आलं. ईटची शीव येईपर्यंत तो रडत होता, आणि ड्रायव्हरला काहीच ऐकू गेलं नाही.